पावसाळ्यातील मायनर लीग : एका प्रक्षेपण-सेवेचे परीक्षण

गोव्यात मे महिना सरला की क्रिकेटची मैदाने मिटतात. खेळपट्ट्यांवर ताडपत्र्या चढतात, गावाकडच्या मैदानांवर गुडघाभर गवत माजते आणि क्लब क्रिकेटमध्ये गुणलेखन करणाऱ्या माझ्यासारख्यांची वही पाऊस ओसरेपर्यंत कपाटात जाते. अमेरिकेतील मायनर लीग बेसबॉलचा, म्हणजे मेजर लीग या सर्वांत वरच्या व्यावसायिक लीगच्या खालच्या पायऱ्यांवरील खेळाचा, हंगाम नेमका याच काळात, एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत, चालतो. तेथील सामने इंटरनेटवरून थेट दाखवणाऱ्या एका वर्गणीच्या सेवेचे हे परीक्षण आहे. ज्याला भरगच्च स्टेडियम आणि नामवंत खेळाडू पाहायचे आहेत त्याने या सेवेच्या वाटेला जाऊ नये. त्याच्यासाठी मेजर लीग आहे. परंतु एखादा खेळाडू कसा घडतो, कोठे अडतो आणि बहुतेक वेळा वर न पोहोचताच कसा थांबतो हे ज्याला क्रमाने पाहायचे आहे, त्याला इतके तपशीलवार दर्शन अन्यत्र मिळेल असे मला वाटत नाही. आपल्याकडे रणजीच्या खालच्या क्रिकेटमध्ये अशी कितीतरी आयुष्ये खर्ची पडतात आणि त्यांची नोंद आमच्या वह्यांपलीकडे कोठेही राहत नाही.

सेवेचा उपयोग कळावा म्हणून तेथील रचना थोडक्यात सांगणे भाग आहे. मेजर लीगमध्ये ३० संघ आहेत आणि २०२१ च्या फेररचनेपासून त्या प्रत्येकाच्या हाताखाली वरून खाली ट्रिपल-ए, डबल-ए, हाय-ए आणि सिंगल-ए अशा चार पायऱ्यांवर एकेक, म्हणजे एकूण १२० संलग्न संघ आहेत. त्यापूर्वी संलग्न संघांची संख्या १६० होती; फेररचनेत चाळीसहून अधिक गावांना आपल्या संघावर पाणी सोडावे लागले. खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या फेऱ्याही पूर्वी ४० असत, त्या आता २० वर आल्या आहेत. सिंगल-एच्या खाली फ्लोरिडा, ॲरिझोना आणि डोमिनिकन प्रजासत्ताक येथील सराव-संकुलांत नवख्यांचे सामने होतात. ते मी घेतलेल्या सेवेत दिसत नाहीत, त्यामुळे कारकिर्दीचा पहिला अध्याय आकड्यांवरूनच वाचावा लागतो. चार पायऱ्यांवरील सामने मात्र पुष्कळ आहेत, इतके की कोणता पाहावा हीच पंचाईत होते.

चित्राचा दर्जा खेळाडूच्या पगाराप्रमाणे पायरीगणिक उतरत जातो. ट्रिपल-एच्या सामन्यांना अनेक कॅमेरे असतात, चेंडूचा वेग पडद्यावर येतो, वादग्रस्त झेल पुन्हा दाखवला जातो. चेंडू फलंदाजासमोरच्या काल्पनिक चौकटीबाहेरून गेला (बॉल) की चौकटीतून (स्ट्राइक) हे यंत्राने ठरवण्याची पद्धत २०२३ पासून सर्व ट्रिपल-ए मैदानांवर आली. त्यातील दाद मागण्याच्या प्रकारात फलंदाज, पिचर (चेंडू टाकणारा) किंवा कॅचर (यष्टिरक्षकासारखा मागे बसणारा) डोक्यावर थाप मारून पंचांचा निर्णय तपासायला लावतो आणि क्षणार्धात चौकटीच्या कडेला चिकटलेला किंवा निसटलेला चेंडू सर्वांना दिसतो. आपल्या डीआरएसपेक्षा हे काम कितीतरी लवकर उरकते. पिचरला ठरावीक सेकंदांत चेंडू टाकायला लावणारे घड्याळसुद्धा मेजर लीगने २०२३ मध्ये स्वीकारण्यापूर्वी मायनर लीगमध्येच तावूनसुलाखून घेतले होते. नियमांची प्रयोगशाळा याच मैदानांवर असते आणि प्रयोगाचा त्रास याच खेळाडूंनी सोसायचा असतो, ही गोष्ट या सेवेमुळे प्रथम माझ्या ध्यानात आली.

सिंगल-एमध्ये हा थाट नाही. कधीकधी फलंदाज उभा राहतो त्या होम प्लेटच्या मागे उंचावर लावलेल्या एकाच कॅमेऱ्यावर सगळी भिस्त असते. चेंडू उंच उडाला की तो चौकटीबाहेर जातो आणि तो कोठे पडणार याचा अंदाज आउटफिल्डरच्या पळण्यावरून बांधावा लागतो. माझी याबद्दल फारशी तक्रार नाही, कारण कॅमेरा स्थिर असल्यामुळे क्षेत्ररक्षकांची हालचाल अखंड दिसते. मेजर लीगच्या चकचकीत प्रक्षेपणात ती कापलेल्या दृश्यांमध्ये हरवते. समालोचन बहुधा एकटाच माणूस करतो. संघाबरोबर बसने रात्रभर प्रवास करून तो आलेला असतो, त्यामुळे कोणाचा खांदा दुखतो आहे, कोणाला कालच मूल झाले, कोण वरून खाली पाठवला गेला आहे हे तो सहज बोलण्याच्या ओघात सांगून जातो. मध्येच तो गावातल्या टायरच्या दुकानाची जाहिरात वाचतो. हे समालोचक सेवेचे खरे वैभव आहेत आणि त्यांचीही मेजर लीगमध्ये जाण्याची धडपड चालूच असते.

वेळेचा प्रश्न गोव्याहून पाहणाऱ्याने समजून घेतला पाहिजे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी ७:०५ ला सुरू होणारा सामना आपल्याकडे पहाटे ४:३५ ला लागतो. पश्चिम किनाऱ्यावरील त्याच वेळेचा सामना सकाळी ७:३५ ला, म्हणजे पोदेर भोंगा वाजवून पाव देऊन गेल्यानंतर निवांत सुरू होतो. नोकरदारांना सर्वांत सोयीचे ते शाळकरी मुलांसाठी सकाळी अकराच्या सुमारास ठेवलेले मधल्या वारचे सामने, जे आपल्याकडे रात्री साडेआठला येतात आणि ज्यांत प्रत्येक चेंडूवर हजारो मुलांचा किलबिलाट ऐकू येतो. रविवारी दुपारचे सामनेही रात्री साडेदहाच्या सुमारास पाहता येतात. संपलेला सामना नंतर सवडीने पाहण्याची सोय आहे, परंतु यादी उघडताच अंतिम धावसंख्या समोर येते आणि ती झाकण्याचे बटण सेटिंग्जच्या तळाशी दडवून ठेवले आहे. ज्याला निकाल न कळता पाहायचे आहे त्याने हे बटण पहिल्याच दिवशी शोधावे.

२०२१ पासून मायनर लीगमध्ये बहुतेक वेळा मंगळवार ते रविवार एकाच प्रतिस्पर्ध्याशी सलग सहा सामने होतात आणि सोमवारी विश्रांती असते. प्रवासखर्च वाचवण्यासाठी केलेली ही व्यवस्था प्रेक्षकाला वरदान ठरते. मंगळवारी एखाद्या पिचरने फलंदाजाला बाहेर वळणाऱ्या स्लायडरवर फसवले तर रविवारी त्याच दोघांची पुन्हा गाठ पडते आणि मधल्या चार दिवसांत फलंदाज काय शिकला ते उघड्या डोळ्यांनी दिसते. मी एका शॉर्टस्टॉपचा (दुसऱ्या व तिसऱ्या बेसच्या मध्ये उभा राहणाऱ्या क्षेत्ररक्षकाचा) असाच माग ठेवला होता. त्याचे नाव येथे देत नाही, कारण तो आता व्यावसायिक खेळाडू राहिलेला नाही. सिंगल-एमध्ये तो पहिल्यांदा दिसला तेव्हा संथ घरंगळत येणारा चेंडू धावत पुढे येऊन उघड्या हाताने उचलायचा आणि त्याच झोकात कमरेखालून पहिल्या बेसकडे फेकायचा. डाव संपवून बाहेर जाताना दुसऱ्या बेसजवळची उकरलेली माती पायाने सपाट करून जाण्याची त्याची सवय होती; चेंडूची वेडीवाकडी उसळी पुढच्या डावात आपल्याच तोंडावर येते हे तो जाणत असावा. क्षेत्ररक्षणात तो हाय-एमध्येही उठून दिसला. फलंदाजीत मात्र त्याच पायरीवर त्याला खरे स्लायडर भेटले आणि त्याची सरासरी घसरू लागली.

माझा भाचा सुट्टीत फोंड्याला आला असताना माझ्याबरोबर हे सामने पाहत बसे. ‘मामा, ह्याला वरच्या टीममध्ये कधी घेणार?’ असे तो दर सामन्याला विचारी. त्याचे उत्तर या सेवेतील खेळाडूच्या पानावर मिळायला हवे होते, परंतु तेथे फक्त घडामोडींची यादी असते : अमुक दिवशी अमुक संघाकडे धाडले, दुखापतींच्या यादीत टाकले, परत घेतले, विकास-यादीत ठेवले. शॉर्टस्टॉपवरून त्याला दुसऱ्या बेसवर, तेथून तिसऱ्या बेसवर आणि एका एकतर्फी सामन्यात चक्क पिचरच्या उंचवट्यावर उभे केले गेले. जाणकाराला यातून स्पष्ट संकेत मिळतो. ज्या खेळाडूत मोठी गुंतवणूक आहे त्याला एका जागी रोज खेळवतात. ज्याला कोठेही उभे करतात तो गरजेपुरता ठेवलेला असतो. हा फरक प्रेक्षकाने स्वतः हुडकायचा. एक वर्ष त्याने डबल-एमध्येही काढले. त्यानंतरच्या वसंतात त्याच्या पानावर करारमुक्त केल्याची एका ओळीची नोंद आली. दुसऱ्या आठवड्यात त्याच संघाचा सामना लावला तर त्याच्या जागी कोवळा नवा मुलगा खेळत होता आणि समालोचक त्याच्या झेलांचे कौतुक करत होता.

सेवेबद्दल माझा मुख्य आक्षेप येथे आहे. खेळाडू वर कधी जातो आणि खाली का येतो यामागे नियमांचे एक जाळे आहे आणि ते समजावून सांगणारी चार ओळींची टीपसुद्धा या पानांवर नाही. मेजर लीगच्या संघाला ४० जणांची एक राखीव यादी ठेवता येते आणि त्या यादीत जागा मिळाल्याशिवाय मोठ्या संघाकडून खेळता येत नाही. त्यामुळे चांगली कामगिरी पुरेशी नसते. कोणाला तरी वगळून जागा रिकामी व्हावी लागते. यादीबाहेर बरीच वर्षे राहिलेल्या गुणी खेळाडूला दर डिसेंबरात दुसरा संघ उचलू शकतो, मात्र मग त्याला पुढचा संपूर्ण हंगाम मोठ्या संघात ठेवावे लागते. दुसऱ्या टोकाला, २०२४ पासून प्रत्येक संघाला अमेरिकेत करारबद्ध ठेवता येणाऱ्या मायनर लीग खेळाडूंची मर्यादा १८० वरून १६५ करण्यात आली. दर उन्हाळ्यात निवडीतून नवी मुले येतात तेव्हा जुन्यांपैकी कोणीतरी जाणारच असतो. माझ्या शॉर्टस्टॉपच्या वाट्याला आलेल्या त्या एका ओळीचा अर्थ या आकड्यांखेरीज कळत नाही. सेवेने चेंडूच्या फिरकीचे प्रति मिनिट फेरे मोजून दाखवावेत आणि माणसाच्या नोकरीचे गणित अध्याहृत ठेवावे, हे प्राधान्य मला पटत नाही.

पैशांचा विषय प्रक्षेपणात जवळजवळ निघतच नाही, आणि तो समजला तर पडद्यावरचे बरेच काही वेगळे दिसते. अनेक वर्षे या खेळाडूंना केवळ हंगामाच्या महिन्यांचा पगार मिळे, वसंतातील सरावाचा मिळत नसे, आणि एका भाड्याच्या घरात पाच-सहा जण हवा भरलेल्या गाद्यांवर झोपत. ॲरन सेन या माजी खेळाडूने व इतरांनी २०१४ मध्ये किमान वेतनासाठी दावा लावला. २०१८ मध्ये अमेरिकी संसदेने कायदा करून या खेळाडूंना संघराज्याच्या किमान वेतनाच्या बऱ्याचशा संरक्षणातून वगळले. तरीही २०२२ मध्ये त्या दाव्यात १८.५ कोटी डॉलरची तडजोड झाली. त्याच वर्षी बहुतेकांना राहण्याची जागा संघांनी देण्यास सुरुवात झाली आणि मायनर लीगचे खेळाडू मेजर लीगच्या कामगार संघटनेत सामील झाले. २०२३ च्या पहिल्या सामूहिक कराराने किमान वार्षिक वेतन ट्रिपल-एमध्ये १७,५०० वरून ३५,८०० डॉलरवर, डबल-एमध्ये १३,८०० वरून ३०,२५० वर आणि सिंगल-एमध्ये ११,००० वरून २६,२०० वर गेले. त्याच वर्षी मेजर लीगमधील किमान वेतन ७,२०,००० डॉलर होते. ट्रिपल-एचा खेळाडू पायाच्या नखाएवढ्या फरकाने पहिल्या बेसवर बाद झाल्यावर हेल्मेट का आपटतो, ते हे दोन आकडे शेजारी ठेवल्यावर लक्षात येते. आपल्याकडे रणजीत ४० हून अधिक सामने खेळलेल्या खेळाडूला अंतिम अकरात असल्यास दिवसाला ६०,००० रुपये मिळतात. म्हणून गोव्याच्या संघातील नियमित खेळाडूची स्थिती तेथील हाय-एच्या मुलापेक्षा वाईट आहे असे म्हणता येणार नाही. वाईट स्थिती त्याच्या खालच्या क्लब क्रिकेटपटूची आहे, आणि त्याला कोणताही सामूहिक करार नाही.

सेवेसोबत मिळणारा नोंदींचा विभाग मला प्रक्षेपणाइतकाच मोलाचा वाटतो. जुन्या सामन्यांची दृश्ये अर्थातच नाहीत, पण आकडे आहेत आणि गुणलेखकाला आकड्यांतून खेळ पाहण्याची सवय असते. माइक हेसमनचे पान उघडावे. १९९६ मध्ये त्याची निवड झाली, २०१५ पर्यंत तो खेळला आणि अमेरिकेतील मायनर लीगमध्ये ४३३ होम रनचा (आपल्या षटकारासारख्या, मैदानाबाहेर गेलेल्या फटक्यांचा) विक्रम त्याने केला. मेजर लीगमध्ये त्याला मिळाले १०९ सामने आणि त्यांत १४ होम रन. विक्रम मोडणारा फटका त्याने टोलेडोकडून मारला तेव्हा तिन्ही बेस भरलेले होते. स्टीव्ह डालकोव्स्की याच्या १९६० च्या हंगामासमोर मी बराच वेळ थांबलो होतो. या डावखुऱ्या पिचरइतका वेग कोणाचाच नव्हता असे त्या काळचे लोक सांगत, आणि त्या वर्षी स्टॉकटनकडून १७० इनिंगमध्ये त्याने २६२ फलंदाजांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केले व बरोबर २६२ जणांना वॉक (चार बॉलमुळे पहिला बेस फुकट) दिले. १९६३ च्या वसंतात मोठ्या संघात जागा पक्की होत आली असताना त्याचा कोपर दुखावला आणि मेजर लीगमध्ये त्याने एकही चेंडू टाकला नाही. बास्केटबॉलमधून १९९४ मध्ये आलेल्या मायकेल जॉर्डनची डबल-एमधील .२०२ ही सरासरी (पाचांतल्या सुमारे एकाच संधीत यशस्वी फटका) बरेच जण हसण्यासाठी शोधतात. हायस्कूलनंतर प्रथमच बॅट धरणाऱ्या माणसाने डबल-एच्या पिचिंगवर १२७ सामने तग धरला, हे मला हसण्याजोगे वाटत नाही.

पॉटकेट आणि रॉचेस्टर यांच्यातील १९८१ चा, एरवी नऊ इनिंगमध्ये संपणारा पण ३३ इनिंगपर्यंत लांबलेला सामनाही या विभागात सापडतो. १८ एप्रिलच्या रात्री सुरू झालेला हा सामना पहाटे ४:०७ वाजता ३२ इनिंगनंतर थांबवला गेला तेव्हा १९ प्रेक्षक उरले होते. २३ जूनला तो पुढे सुरू झाला आणि अवघ्या एका इनिंगमध्ये संपला. त्यात खेळलेले वेड बॉग्स आणि कॅल रिपकन ज्युनियर पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले. विजयी फटका मारणारा डेव्ह कोझा मेजर लीगपर्यंत कधीच पोहोचला नाही.

भारतीय वाचक प्रथम रिंकू सिंगचे पान शोधेल, आणि शोधखिडकीत सावध राहावे लागेल, कारण इंटरनेटवर त्या नावाने आता अलीगढचा क्रिकेटपटूच सापडतो. बेसबॉलचा रिंकू सिंग आणि त्याचा जोडीदार दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातील भालाफेकपटू. २००८ मध्ये टीव्हीवरील एका वेगवान चेंडूफेकीच्या स्पर्धेतून ते पुढे आले, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांशी करार केला आणि ४ जुलै २००९ रोजी फ्लोरिडातील नवख्यांच्या लीगमध्ये दोघेही प्रथम खेळले. पटेल २०१० च्या अखेरीस करारमुक्त झाला. डावखुरा सिंग वेस्ट व्हर्जिनियाच्या संघापर्यंत चढला, ऑस्ट्रेलियातील हिवाळी लीगमध्येही खेळला, पण नंतर कोपराने दगा दिला, शस्त्रक्रिया झाली, आणि २०१८ मध्ये तो कुस्तीच्या रंगमंचीय व्यवसायाकडे वळला. वर्तमानपत्रांनी त्याची गोष्ट परीकथेसारखी छापली होती. नोंदींच्या पानावर ती एका होतकरू रिलीफ पिचरची (सुरुवातीच्या पिचरच्या जागी मागाहून येणाऱ्याची), दुखापतीने अर्ध्यावर तुटलेली, तेथे शेकड्यांनी आढळणारी कारकीर्द म्हणून दिसते, आणि मला हे दुसरे रूप अधिक आदराचे वाटते, कारण चेंडू कसा पकडावा येथपासून ज्याने विशीच्या उंबरठ्यावर सुरुवात केली तो त्या शेकडो मुलांच्या बरोबरीने उभा राहिला, हे त्यात कोणत्याही अलंकाराविना नोंदलेले आहे.

तांत्रिक बाबी थोडक्यात. फोनवरचे ॲप बरे चालते. टीव्हीवरील ॲप एका सामन्यातून दुसऱ्यात जाताना रखडते. समालोचनाच्या लिखित ओळी बहुतेक सामन्यांना नसतात, त्यामुळे अमेरिकी उच्चारांची सवय नसलेल्याला पहिला महिनाभर त्रास होतो. जुलैमध्ये वीज आणि इंटरनेट यांचा लपंडाव चालू असताना चित्र आपोआप धूसर होऊन तरी टिकून राहते, ही सेवेची जमेची बाजू. वर्गणी डॉलरमध्ये असल्याने आपल्या कार्डावर परदेशी ऑनलाइन व्यवहाराची परवानगी आधी चालू करून घ्यावी. माझ्या बँकेने व्यवहार नाकारला आणि कारण मात्र शाखेत दोनदा खेटे घातल्यावर सांगितले. रुपयांत होणारी रक्कम विनिमय-शुल्क धरून जाहिरातीतल्या आकड्यापेक्षा थोडी वाढते.

नव्या ग्राहकाने पूर्ण वर्षाची वर्गणी लगेच भरू नये, एका महिन्याची घ्यावी. तीही एप्रिलमध्ये घेण्यात अर्थ नाही, कारण तेव्हा तिकडे थंडी असते, सामने पुढे ढकलले जातात आणि आपल्याकडेही क्लबचे सामने उरकायचे असतात. जूनच्या मध्यावर घ्यावी. तोवर हाय-एमधील चांगले खेळाडू डबल-एकडे सरकू लागलेले असतात. एकच मोठा संघ निवडून त्याच्या चारही पायऱ्यांवरील संघ आवडीच्या यादीत टाकावेत आणि त्यांतील डबल-एचा सामना रोज लावावा. ट्रिपल-एमध्ये वर जाऊन आलेल्या अनुभवी खेळाडूंची गर्दी असते, तर उद्याचे मेजर लीगवाले बरेचदा डबल-एमध्येच प्रथम ओळखू येतात. सप्टेंबरातील बाद फेरीचे सामने चवथीच्या आसपास येतात. घरी गणपती असणाऱ्यांनी त्या महिन्याचे पैसे भरण्यापूर्वी पंचांग पाहून घ्यावे, आणि वर्गणीचे आपोआप होणारे नूतनीकरण ऑक्टोबरपूर्वी आठवणीने बंद करावे.